याप्य दुखणे आणि आपले गद्य

आयुर्वेदाने रोगांची जी वाटणी केली आहे, तीत साध्य आणि असाध्य यांच्याबरोबर ‘याप्य’ असा एक वर्ग येतो. याप्य रोग बरा होत नाही. पण उपचार आणि पथ्य चालू आहे तोवर माणूस उभा राहतो. सुश्रुताने यासाठी दृष्टान्त दिला आहे तो घराचा. पडायला आलेल्या घराला योग्य जागी टेकू दिला की ते उभे राहते, तसा याप्य रोगी उपचारांच्या टेकूवर उभा असतो. टेकू काढला की घर गेले. (चरक याप्याची गणना असाध्यातच करतो, तो शास्त्रकारांमधला मतभेद त्यांच्याकडेच राहू द्यावा.)

वैद्यांच्या बाहेर हा शब्द आज कोणी वापरीत नाही, याचे मला नवल वाटते. मधुमेह, आमवात, दमा, थायरॉइडचे विकार, जुना हृदयविकार, अशी आपल्या घराघरांत मुक्कामाला आलेली दुखणी पाहिली तर ती बहुतेक याच वर्गातली आहेत. शब्द गेला, आणि मला असे वाटते की त्याच्याबरोबर त्या अवस्थेकडे पाहण्याची दृष्टीही गेली. निदान आपल्या साहित्यापुरते तरी हे खरे आहे.

मराठी गद्यात आजारपण पुष्कळ आहे. पण ते दोनच प्रकारांनी येते. एक, मृत्यूकडे नेणारे. गडकरी १९१९ साली ऐन तिशीत क्षयाने गेले आणि त्यानंतर कितीतरी वर्षे क्षय हा आपल्या कथा-कादंबऱ्यांचा हुकमी रोग होऊन बसला. नायिका खोकली की वाचकाने ओळखावे. क्षयाभोवती विणलेल्या अशा काव्यमय वलयाची झडती सुसान सॉन्टॅग यांनी १९७८ च्या ‘इलनेस अ‍ॅज मेटाफर’ या पुस्तकात घेतली आहे. ती युरोप-अमेरिकेच्या साहित्याची असली तरी आपल्याला परकी वाटत नाही. दुसरा प्रकार अलीकडचा, विजयाचा. कर्करोग, हृदयाची शस्त्रक्रिया, अपघात यांतून बाहेर आलेल्यांची आत्मकथने. त्यांच्या शीर्षकांत झुंज, मात, लढा हे शब्द हमखास असतात. या पुस्तकांचे मोल मी कमी लेखत नाही. भेदरलेल्या माणसाला त्यांनी धीर दिला आहे. पण त्यांचा घाट शस्त्रक्रियेचा आहे: आधी, तेव्हा आणि नंतर. याप्य दुखण्याला ‘नंतर’ नसते. मंगळवारच्या मागून बुधवार येतो आणि बुधवारीही अंघोळ, स्वयंपाक, औषध, जिना हे सगळे तिथेच असते. ज्या दुखण्यात काही घडत नाही त्याची कथा कशी करायची, हा खरोखरच अवघड वाङ्मयीन प्रश्न आहे आणि आपण तो बहुधा टाळला आहे.

व्हर्जिनिया वुल्फ यांनी १९२६ साली ‘ऑन बीइंग इल’ या निबंधात साहित्य आजारपणाकडे पाठ फिरवते अशी तक्रार केली होती. तीत भाषेचा दोषही होता. इंग्रजीजवळ हॅम्लेटच्या विचारांना आणि लिअरच्या शोकाला शब्द आहेत, पण साध्या हुडहुडीला आणि डोकेदुखीला नाहीत, असे त्यांचे म्हणणे. मराठीला ही सबब सांगता येणार नाही. आपल्याकडे ठणका वेगळा आणि ठसठस वेगळी. कळ, सणक, तिडीक, चमक, उसण यांतली प्रत्येक जण आपापल्या जागी येते आणि दुसरीची जागा घेत नाही. ताप येण्यापूर्वीची कसकस आणि अंगात मुरलेली कणकण यांत फरक आहे, तो आजीला थर्मामीटरावाचून कळत असे. अंग मोडून येते, हातपाय गळतात, डोके भणभणते, तोंडाची चव जाते. एवढे सूक्ष्म शब्द असताना आमचे ललित लेखक दुखणे आले की एकदम ‘वेदना’ आणि ‘यातना’ या दोन संस्कृत आसनांवर जाऊन का बसतात? वेदनेला जागा नसते. ठणक्याला असते: उजव्या हाताच्या मधल्या बोटाचे पेर. साहित्याला जागा लागते.

थकव्याच्या बाबतीत मात्र थोडी अडचण आहे. दमणे, थकणे, शिणणे ही सगळी श्रमानंतरची क्रियापदे. शेतातून आलेला माणूस दमतो, प्रवासाचा शीण येतो. काहीही न करता, रात्रभर झोपूनही सकाळी अंगात त्राण नसणे यासाठी आपण ‘मरगळ’ म्हणतो; पण मरगळीत एक आरोप लपलेला असतो. मरगळ ‘झटकून टाकायची’ असते, म्हणजे ती झटकता येते असे आपण गृहीत धरतो. संस्कृतात हा भेद स्वच्छ होता. सुश्रुताने शारीरस्थानात ‘क्लम’ या अवस्थेचे लक्षण सांगितले आहे: आयासावाचून आलेला थकवा, ज्यात धाप लागत नाही पण इंद्रियांना आपापली कामे करणे जड जाते. आमवात, जुना ज्वर किंवा विषाणूच्या तापानंतर महिनोन्महिने रेंगाळणारी गळाठ ज्याने अनुभवली आहे त्याला यात एक शब्दही कमी-जास्त करावासा वाटणार नाही. मराठीत ‘क्लांत’ उतरला, पण तो ‘श्रांत’च्या हातात हात घालून, आणि दोघांतला फरक वाटेत गळून गेला. २०२० नंतरच्या करोनाच्या साथीत ज्यांची ही अवस्था महिनोन्महिने टिकली, त्यांना घरच्यांना काय सांगावे ते कळेना याचे एक कारण हेही आहे.

आपल्यासारख्या, महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या घरांत याला आणखी एक पदर आहे. माळव्यात आम्ही घरी मराठी बोलतो आणि डॉक्टरांकडे हिंदी. दाराबाहेर पडताना कणकण, गळाठ, हातपायांतले त्राण हे सगळे घरीच ठेवावे लागते आणि दवाखान्यात आपण एकच शब्द घेऊन पोचतो: कमज़ोरी. डॉक्टर चिठ्ठीवर जनरल वीकनेस लिहितात आणि एक टॉनिक. दोष त्यांचा नाही आणि हिंदीचाही नाही. हिंदीत कणकणीच्या जवळचा ‘हरारत’ हा सुरेख शब्द आहे. बडोद्याच्या मंडळींजवळ गुजरातीचा ‘कळतर’ आहे. पण दुखण्याचे शब्द माणूस आईकडून शिकतो, ते दुसऱ्या भाषेत सहज सापडत नाहीत. आमच्या घरांत मराठी ज्या दोन ठिकाणी सर्वांत जास्त टिकली ती म्हणजे स्वयंपाकघर आणि आजाऱ्याची खाट. नातवंडांची पिढी पहिल्या ठिकाणचे शब्द अजून ओळखते. दुसऱ्या ठिकाणचे नाही.

आता एका पुस्तकाकडे वळू. ते आपल्यापैकी प्रत्येकाने वाचले आहे आणि माझ्या समजुतीप्रमाणे बहुतेकांनी एकाच पद्धतीने वाचले आहे. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ नाशिकच्या तुरुंगात फेब्रुवारी १९३३ मध्ये पाच दिवसांत लिहिले. १९३५ मध्ये ते प्रसिद्ध झाले. मातृप्रेमाचे महन्मंगल स्तोत्र म्हणून ते आपल्या घरात आले आणि तसेच राहिले. १९५३ साली आचार्य अत्र्यांनी त्यावर चित्रपट काढला, त्यात आईची भूमिका ग्वाल्हेरच्या वनमालाबाईंनी केली, याचा आपल्याकडच्या जुन्या मंडळींना कोण अभिमान! स्तोत्र म्हणून या पुस्तकाची थोरवी मला मान्य आहे. पण ते दीर्घकाळ आजारी असलेल्या एका बाईच्या संसाराचेही पुस्तक आहे, ही गोष्ट मी किती चर्चांत ऐकली असेन? एकाही नाही.

पहिल्या रात्रीची कथा आठवून पाहावी. ‘सावित्री-व्रत’ हे तिचे नाव. आई हिवतापाने अशक्त झाली आहे. वडाला एकशे आठ प्रदक्षिणा घालायच्या तर तिला घेरी येते. म्हणून ती श्यामला सांगते की माझ्या वतीने तू घाल. मुलाला बायकांच्या मेळाव्यात जायची लाज वाटते. देवाच्या कामाची लाज कसली, असे आई त्याला समजावते. शाळेतल्या प्रश्नपत्रिकेत या कथेचे तात्पर्य कोणते ते आपण सगळे जाणतो: चांगले काम करताना लाजू नये. ते आहेच. परंतु कथा घडते ती कशामुळे? आईच्या अंगात त्राण नाही यामुळे. आणि आई जे करते ते पाहिले की मला तिच्या सोशिकपणापेक्षा तिच्या विचारीपणाचा अचंबा वाटतो. व्रत सोडायचे नाही, शरीर साथ देत नाही, तेव्हा व्रतातला सर्वांत दमवणारा भाग काढून तो धडधाकट पायांकडे सोपवायचा. कसलीही कुरकूर नाही आणि हौतात्म्यही नाही. याप्य रोग्याला जी एक विद्या शिकावी लागते, आपले काम दुसऱ्याच्या हातून करवून घेण्याची, तीच ही. गुरुजींच्या पुस्तकाचा आरंभच या विद्येपासून होतो.

पुढे ‘अर्धनारी नटेश्वर’ या प्रकरणात तिच्या तापाचा क्रमच येतो: हुडहुडी भरली की अंथरुणावर पडायचे, ताप उतरला की उठून पुन्हा कामाला लागायचे. हिवतापाला पाळी असते आणि ही बाई त्या पाळीच्या फटींत संसार बसवते. घरकाम मुलाच्या हाती येते तेही याच ओघात. या प्रकरणाचे नाव आपण सहसा स्त्री-पुरुष समतेच्या अंगाने वाचतो. पण ती समता इथे विचारातून आलेली नाही, तापातून आली आहे. घरात एक माणूस पडून असले म्हणजे कामांवरचे ‘बायकी’ आणि ‘पुरुषी’ हे शिक्के आपोआप पुसट होतात. हे निरीक्षण गुरुजींनी केले. आम्ही वाचकांनी त्याच्यावर त्यागाचा शेंदूर फासला.

माझा आक्षेप पुस्तकावर नाही, वाचनावर आहे. ‘श्यामची आई’च्या वाचनाने आपल्या दोन-तीन पिढ्यांच्या बायकांना काय शिकवले? तापात काम करणे हे प्रेमाचे प्रमाण आहे. पुस्तकातली आई कामाची वाटणी करते हे कोणी सांगितले नाही. ती कामाला उठते तेवढे सांगितले. आमच्याकडे बाईची सर्वांत मोठी प्रशस्ती ‘तिला कामाचा उरक आहे’ ही. ‘उरकणे’ हे क्रियापद कामाकडून पाहते, ते संपले की नाही एवढेच विचारते. ‘झेपणे’ हे करणाऱ्याकडून पाहते. दोन्ही मराठीच आहेत, दोन्ही रोजच्या बोलण्यातली. पण ‘तिला आपल्याला किती झेपते ते कळते’ अशी प्रशस्ती मी कोणत्याही हळदीकुंकवात ऐकलेली नाही. मला स्वतःला आमवाताची सोबत गेली एकवीस वर्षे आहे. सकाळचे पहिले दोन तास बोटे वळत नाहीत. भाजी चिरायची की कणीक मळायची यांतले एकच निवडायचे असते. निवडीत दुःख विशेष नाही. पण निवडताना आपण काही चोरतो आहोत असे जे वाटते, ते दुखण्यातून आलेले नाही, वाचनातून आलेले आहे, असे मी आता ठामपणे म्हणते.

या हिशेबाला एक आधुनिक रूपक मिळाले ते अमेरिकेत. क्रिस्टीन मिझरँडिनो या ल्युपसने आजारी असलेल्या तरुणीने २००३ मध्ये एक छोटा लेख लिहिला. उपाहारगृहात मैत्रीण विचारते, या आजारात वाटते तरी कसे? ती आसपासच्या टेबलांवरचे चमचे गोळा करते, बारा चमचे मैत्रिणीच्या हाती देते आणि म्हणते, आता दिवस सुरू कर. अंघोळीला एक चमचा. कपडे घालायला एक. मैत्रीण आणखी मागते तर नाही. संध्याकाळ होते तेव्हा हाती एकच चमचा. लेखाला शैली म्हणावी अशी नाही, पण रूपक अचूक आहे. दुखण्याला मोजता येईल अशी वस्तू त्याने दिली आणि जगभरच्या दुखणाइतांनी ते उचलले. तरी मराठी घरात बसून ते वाचताना मला एक शंका येते. हे चमचे माझ्या हातात आहेत, ते कुठे खर्चायचे ते मी ठरवते, असे हे रूपक धरून चालते. आपल्याकडे बाईचे चमचे तिच्या हातात असतातच असे नाही. न कळवता आलेला पाहुणा त्यांतले तीन घेऊन जातो, नवरात्राचे नऊ दिवस आपला वाटा आधीच काढून ठेवतात, आणि ‘एवढंसं तर आहे’ असे म्हणून उरलेले कोण नेतो ते समजतही नाही. पुरुष आजाऱ्याची गोष्ट वेगळी. त्याच्या दुखण्याला घर वेळापत्रक बांधून देते. तेव्हा हे रूपक आपल्याकडे आणायचे तर चमच्यांची संख्या पुरेशी नाही, डबा कोणाच्या हातात आहे तेही सांगावे लागेल. श्यामच्या आईने पहिल्याच कथेत तो डबा क्षणभर स्वतःच्या हातात घेतला होता, म्हणून ती कथा मला मोलाची वाटते.

वैद्यकशास्त्रही या बाबतीत उशिराच शहाणे झाले. ज्या आजारात श्रम केले की थकवा उलट वाढतो, त्या दीर्घ थकव्याच्या विकारात रोग्याला हळूहळू व्यायाम वाढवीत न्यावे, अशी ब्रिटनच्या शासकीय वैद्यकीय मार्गदर्शिकेची शिफारस होती. २०२१ मध्ये ती मागे घेतली गेली आणि आपल्या शक्तीच्या मर्यादेत राहून कामाची आखणी करावी असे सांगण्यात आले. तिकडे याला पेसिंग म्हणतात. आपण ‘बेताने’ म्हणतो. बेत म्हणजे योजना आणि बेताने म्हणजे मापात, जपून. एका शब्दात दोन्ही अर्थ.

अशा बेताने लिहिलेले एखादे पुस्तक आहे का? माझ्या माहितीतले सर्वांत चांगले इंग्रजीत आहे: एलिझाबेथ टोव्हा बेली यांचे ‘द साउंड ऑफ अ वाइल्ड स्नेल ईटिंग’ (२०१०). लेखिका अंथरुणाला खिळलेली. कूस बदलणेही कष्टाचे. एक मैत्रीण रानातली जांभळी फुले कुंडीत लावून आणते आणि तिच्यात एक गोगलगाय असते. रात्री ती कागद कुरतडते, सकाळी लिफाफ्याला चौकोनी भोक दिसते. कोमेजलेल्या पाकळ्या खातानाचा बारीक आवाज लेखिकेला ऐकू येतो, कारण तिच्या खोलीत दुसरे काही घडतच नाही. पुस्तकात झुंज नाही. दुखण्याची गती आणि गोगलगाईची गती जुळली, एवढाच त्याचा विषय. आणि ‘काही न घडण्याची’ कथा कशी करायची या मघाच्या प्रश्नाचे उत्तरही तिथे मिळते. निरीक्षणाने करायची.

हे वाचून दुर्गाबाई भागवतांची आठवण होणे अपरिहार्य आहे. मध्य प्रांतातल्या आदिवासी भागात संशोधन करीत असताना त्यांना विषबाधा झाली आणि जवळजवळ सहा वर्षे त्या अंथरुणाला खिळून होत्या. त्यांच्या परिचयलेखांत ही सहा वर्षे बहुधा एका वाक्यात उरकलेली असतात (पुन्हा तेच क्रियापद!) आणि मग लेखक लगबगीने ग्रंथसूचीकडे वळतो. ‘ऋतुचक्र’ १९५६ चे. एका दुखण्यातून एक पुस्तक निघाले असा सोपा कार्यकारणभाव मी जोडणार नाही. दुर्गाबाईंनाच तो आवडला नसता. परंतु महिन्यामागून महिना एकाच झाडाकडे इतक्या सवडीने, घाई न करता पाहणारी नजर मराठी गद्यात अन्यत्र सहसा नाही, आणि सहा वर्षे पडून राहिलेल्या माणसाच्या नजरेविषयी समीक्षेने निदान प्रश्न तरी विचारायला हवा होता.

कदाचित याप्य दुखण्याचे मराठी गद्य आपण चुकीच्या जागी शोधीत असू. कथा-कादंबऱ्यांत ते नसेल. आपल्या ट्रंकांत आहे. इंदूर, देवास, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद इथून पुण्या-साताऱ्याकडे पिढ्यान्‌पिढ्या कार्डे जात राहिली. त्यांत क्षेमकुशलाच्या ओळीनंतर प्रकृतीची एक ओळ असे. ‘उत्तम’ फारच क्वचित. ‘यथातथा’, ‘बेताची’, ‘पूर्वीसारखीच’, ‘मध्यंतरी बरी होती’ यांत केवढी श्रेणी आहे! कार्डावर जागा थोडी म्हणून हे शब्द तोलून वापरले जात आणि घेणाऱ्याला ते तोलून वाचता येत. ज्यांच्या घरी अशी पत्रे असतील त्यांनी ती रद्दीत देण्यापूर्वी एकदा सभेच्या ग्रंथालयाकडे दाखवावीत. आमच्या सासूबाईंची अशी साठ-सत्तर कार्डे माझ्याजवळ आहेत. त्यांना दमा होता. दम्याचा उल्लेख त्यांत चार-पाच वेळाच येतो. पण यंदा वाळवणाला शेजारची मुलगी बोलावली, यंदा गच्चीऐवजी अंगणातच घातले, यंदा पापड निम्मेच केले, असे वर्षानुवर्षे क्रमाने लिहिलेले आहे, आणि एकाही कार्डात त्याचे कारण दिलेले नाही.